घंटेतलं गवत

नोंब्रे दे दियोस,
१२ जानेवारी १५७७

ती. मेन्सियाताईस,
धाकट्या ब्रियांदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, पेरूची वडीही पोचली. म्हणजे तिची निम्मी पोचली. लोपे म्हणतो वाटेत उंदरांनी खाल्ली. इथले उंदीर सुरीने सरळ रेषेत वडी कापतात हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

तू जे विचारायचं टाळलंस ते मीच सांगते. सातवा सरत आला आहे. मळमळ थांबली, पाय सुजतात, आणि पोटातलं माणूस दुपारी मी जरा पडले की नेमकं उठून बसतं. आता मला भीती मोजून घ्यायची सवय झाली आहे. सकाळी थोडी, संध्याकाळी थोडी, म्हणजे एकदम अंगावर येत नाही.

या गावात जन्मलेलं मूल जगत नाही हे जहाजावरून उतरलेल्या नवख्यालाही चार दिवसांत समजतं. इथल्या बायका म्हणूनच दिवस भरत आले की डोंगर ओलांडून तुमच्याकडे पनामात येतात. मलाच दोन्ही वेळा जमलं नाही. पहिल्यांदा नदी चढली होती आणि दुसऱ्यांदा लोपे बाजारात अडकला होता. त्या दोघांना चर्चमागे ठेवलं आहे. तिथे मी लावलेलं लिंबाचं झाड मात्र फोफावलंय. झाडांना ही हवा मानवते.

आताही तेच चाललं आहे. आरमार येण्याच्या बेतात आहे, राजाची चांदी आणायला प्रत्येक खेचर हवं म्हणून हुकूम आलाय. आमचं घर नेहमीप्रमाणे सेव्हिलच्या व्यापाऱ्याला भाड्याने दिलंय आणि आम्ही दोघं, आमची दासी दोमिंगा आणि कोंबड्या स्वयंपाकघरात राहतो. लोपे म्हणतो, बाजार उठला की स्वतः नेतो. मागल्या वेळीही तो असंच म्हणाला होता. मी आठवण करून दिली तेव्हा तो खोगीर दुरुस्त करायला गेला. दुरुस्त असलेलंच.

त्यातून इंग्रज. कोळी सांगतात की बेटांच्या आड त्यांचं गलबत लपलंय, आणि डोंगरातले सिमारोन त्यांना वाट दाखवतात. इथल्या मालकांकडून पळालेले गुलाम ते, त्यांना प्रत्येक पायवाट पाठ. इथे मात्र क्षितिजावरचा प्रत्येक ढग इंग्रज असतो, त्यामुळे खरं किती ते कळत नाही.

तूच सांग. निघू की थांबू?

तुझ्या मायेवर जगणारी,
ब्रियांदा


पनामा,
२६ जानेवारी १५७७

चि. सौ. ब्रियांदास अनेक उ. आ.

निघ. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

बाजार दरवर्षी भरतो. राजाची चांदी आठवडाभर उशिरा गेली म्हणून कुठला राजा उपाशी मेल्याचं मी ऐकलेलं नाही. हे लोपेला वाचून दाखव. त्याला वाचता येत नाही ते बरंच आहे, नाहीतर पुढचं त्याने वाचलं असतं. तुझा नवरा चांगला आहे, पण त्याला संकट दारात येऊन खाकरल्याशिवाय दिसत नाही.

माझं इथे ठीक आहे. भट्टी चालू आहे. जहाजांसाठी बिस्किटं भाजून भाजून माझ्या अंगालाच त्यांचा वास येतो. हे जाऊन सहा वर्षं झाली, तरी अजून गिऱ्हाईक मला 'मालकांना बोलवा' म्हणतं. माडीवरची खोली चुन्याने सारवून घेतली आहे. पाळणा सुताराकडून आला. आणि एक जाळीची टोपी विणून या पत्रासोबत पाठवते आहे. ती मुलीला शोभेल. मुलगा झाला तर तोही घालील, त्याला कुठे कळतंय.

आता कामाचं. रविवारी प्रार्थनेनंतर पाद्रीबाबा सांगत होते की इंग्रज आणि सिमारोन वाटेकडेच्या उंच गवतात पोटावर पडून राहतात आणि कान लावतात. त्यांना डोळ्यांची गरजच नाही. तुमच्या तांड्यांच्या घंटा कोसावरून ऐकू येतात! म्हणून लोपेला सांग, की घंटेत गवत कोंब. इतकी साधी गोष्ट पुरुषांच्या डोक्यात कशी येत नाही?

आणखी एक. दोमिंगाला आणू नकोस. ती चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिचा भाऊ डोंगरात आहे. रानात एक हाक आली की माणूस कोणाचं राहतं?

तुझी वाट पाहणारी,
मेन्सिया


नोंब्रे दे दियोस,
१७ फेब्रुवारी १५७७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा निघतोय. हे पत्र आज निघणाऱ्या तांड्याबरोबर माझ्या आधी पोचेल.

तुझी घंटेची सूचना ऐकून लोपे इतका हसला की कोंबड्या उडाल्या. म्हणाला, ताईंना म्हणावं तुम्ही बिस्किटं भाजा, खेचरं मी हाकतो. मग त्याने मला समजावून सांगितलं, जसं काही मी या घरात कालच आले. खेचर माणसाच्या मागे जात नाही. ते फक्त पुढच्या पांढऱ्या घोडीच्या मागे जातं, ती दिसत नसली तरी तिच्या घंटेच्या मागे. म्हणून तर तिला सगळे तांडेवाले 'धर्ममाय' म्हणतात. घंटा मुकी केली तर प्रत्येक खेचर स्वतःच्या मनाचा राजा. दोरीने एकमेकांना बांधावं तर कड्यावर एकाचा पाय घसरला की सगळी रांग दरीत.

हे सगळं झालं, आणि चार दिवसांनी बातमी आली की पलीकडच्या उतारावर खरंच एक तांडा लुटला गेला. त्या दिवशी लोपे जेवला नाही. संध्याकाळी माझ्याकडे न बघता म्हणाला, ताईंचं ऐकू. बाजाराचं काम भावकीतल्या माणसावर सोपवलंय आणि तो स्वतः येतोय. मी त्याला मिठीच मारणार होते, पण मध्ये पोट आलं.

आज सकाळी त्याने घंटेत गवत कोंबून पाहिलं. घोडीने मान हलवली, आवाज झाला नाही, पुन्हा हलवली. मग तिने आमच्याकडे असं पाहिलं, की मी काय चूक केली. मला हसू आलं आणि नंतर नाही आलं.

माल नेहमीचाच आहे, दारूचे बुधले, ऑलिवचं तेल आणि कापडाचे गठ्ठे. चांदी तर तुमच्याकडून आमच्याकडे येते, उलटी जात नाही. माझ्या पेटीत दुपटी, लंगोट आणि तुझी टोपी.

दोमिंगा येणार आहे, ताई. यावर वाद नको. माझ्या दोन्ही लेकरांना शेवटची आंघोळ तिने घातली. या वेळी पहिली तिने घालावी असं मला वाटतं.

भेटीच्या ओढीत असलेली,
ब्रियांदा


क्रूसेस, नदीकाठचा मुक्काम,
२७ फेब्रुवारी १५७७

ती. मेन्सियाताई यांस,
लोपे एरान याचा कृ. सा. न. वि. वि.

अक्षर येथील लेखनिकाचे आहे. शब्द माझे आहेत.

काल येथून जवळच्या खिंडीत आमचा तांडा लुटला गेला. दाट धुके होते. गवतातून माणसे उभी राहिली, काही इंग्रज, बरेचसे सिमारोन. त्यांनी गठ्ठे कापले, बुधले फोडले आणि चांदी कोठे आहे असे विचारू लागले. नाही म्हटले तर कोणी विश्वास ठेवेना. त्यांच्यात एकाला आपली भाषा येत होती. तो चिडून मला म्हणाला, की नोंब्रे दे दियोसकडून घंटा वाजवत येणाऱ्या तांड्यात दारू आणि कापड असते हे आम्हाला ठाऊक आहे. असे तांडे आम्ही रोज जाऊ देतो. तू घंटेचे तोंड बांधून चोरासारखा का आलास? आम्हाला वाटले काहीतरी मोठे लपवून नेतो आहेस.



तुमचा दोष धरत नाही. गवत मी माझ्या हाताने कोंबले.

आता जे लिहायचे ते लिहितो. ब्रियांदाचे खेचर तांड्याच्या शेवटी होते आणि दोमिंगा त्याचा लगाम धरून चालत होती. गोंधळ शमल्यावर पाहिले तर दोघीही नाहीत. लुटणाऱ्यांनी त्यांना नेलेले नाही असे माझ्या माणसांचे म्हणणे आहे. त्याच्या आधीच धुक्यात ते खेचर वाट सोडून गेले असावे. पुढे घंटा नव्हती. त्या मुक्या जनावराला काय कळणार?

येथील शिपाई पनामाहून कुमक आल्याशिवाय रानात शिरणार नाहीत. माझी माणसेही यायला तयार नाहीत, आणि त्यांना मी बोल लावत नाही. मी घंटेतले गवत काढले आहे. उजाडल्यावर घोडी घेऊन खिंडीवरून चालणार आहे, ती वाजत राहील अशी. खेचराच्या कानावर घंटा पडली तर ते येते. लेखनिक म्हणतो, इंग्रजांच्या कानावरही पडेल. पडू दे. माझ्याकडून नेण्यासारखे आता काही उरलेले नाही.

ती तुमच्याकडे पोचली असल्यास मिळेल त्या माणसाबरोबर कळवावे.

आपला,
लोपे एरान
(याने खाली फुली केली आहे.)


पनामा,
१ मार्च १५७७

चि. लोपे यांस आशीर्वाद.

ती इथे आलेली नाही.

दोष धरत नाही असं लिहिलंत. धरलात तरी चालेल, पण नंतर. आता घंटा वाजवत राहा. पाव, सुके मासे आणि पांघरूण पाठवते आहे. तुम्ही खात नसाल हे मला माहीत आहे, म्हणून माणसाला सांगितलं आहे की समोर बसून खायला घाल आणि मगच परत ये.

पाळणा झाकून ठेवला होता, तो पुन्हा उघडून ठेवला. झाकलेला बघवेना.

मेन्सिया


क्रूसेस,
८ मार्च १५७७

ती. ताईस,
ब्रियांदाचा आणि आणखी एका माणसाचा शि. सा. न.

मुलगी आहे. आपल्या आईचंच नाव ठेवलं, ओलाया. ती जन्मतःच इतक्या जोरात रडली की झाडावरची माकडं गप्प झाली. तुझी भाची शोभते.

तू रडत असशील तर आधी रडून घे आणि मग पुढचं वाच. निरोप्याने तोंडी सांगितलंच असेल, पण पुरुष बातमी सांगतात ती अशी, की 'सगळं ठीक आहे' म्हणून मोकळे.

धुक्यात आमचं खेचर थांबलं, कान हलवले आणि चक्क डावीकडे वळलं. दोमिंगाने लगाम ओढला, मी टाचा मारल्या, पण त्याने ठरवलं होतं. मागून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा आम्ही ओहोळाच्या काठी पोचलो होतो. दोमिंगाने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिथेच मला पहिली कळ आली. अजून दिवस भरायचे होते, पण या मुलीला कोणाची वाट पाहायची सवय नाही.

ताई, तू लिहिलं होतंस की रानात एक हाक आली की माणूस कोणाचं राहतं. हाक आली नाही. हाक दोमिंगानेच मारली, तिच्या भाषेत, तोंडापुढे हात धरून. बऱ्याच वेळाने दोन सिमारोन बायका आल्या. त्यांनी मला पाहिलं, तिला काहीतरी विचारलं, ती रागावून बोलली, आणि मग त्यांनी पानांचं छप्पर केलं, पाणी तापवलं. पुढचं तुला काय सांगू? तू तिथे असतीस तर मला बरं वाटलं असतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक जण माझ्या पेटीतलं गाठोडं घेऊन आली. लुटलेल्या मालात ते उघडल्यावर दुपटी निघाली म्हणून त्यांच्या म्होरक्याने परत द्यायला सांगितलं. सगळं जसंच्या तसं होतं, फक्त तुझी टोपी नव्हती. एका तापाने फणफणलेल्या इंग्रज पोराने म्हणे ती खिशात घातली आणि कोणालाही द्यायला तयार होईना. असू दे. त्याच्या घरी कोणीतरी असेल. तुझी वीण इंग्लंडात पोचणार, आता तुला भाव खायला हरकत नाही.

पहिली आंघोळ दोमिंगाने घातली.

मला उठून बसता येऊ लागलं त्या दिवशी सकाळी तिनेच आधी ऐकलं. मला वाटलं माझ्या कानातच वाजतंय. खेचराने मात्र मान वर केली आणि दोर ताणला. लांब खिंडीवर घंटा वाजत होती, जात होती, पुन्हा येत होती. दोमिंगाने स्वतःच्या ओढणीने बाळ माझ्या छातीशी बांधलं, मला खोगिरावर चढवलं आणि खेचराचं तोंड आवाजाकडे वळवलं. मग ती तिथेच उभी राहिली.

मी तिला विचारलं, की येतेस ना. ती म्हणाली, बाई, घंटेमागे खेचरानं जावं, माणसानं कशाला?

मी माझ्या बोटातली अंगठी काढायला लागले तर ती निघेना, बोटं सुजलेली. ती हसली आणि तिने खेचराच्या पाठीवर थाप मारली.

लोपेला मी सांगितलंय की ती नदीत वाहून गेली. तुला खरं लिहिते, कारण त्याला वाचता येत नाही आणि तुला गप्प बसता येतं. नाहीतर तो पळालेली गुलाम म्हणून तिला शोधायला माणसं पाठवील, आणि गावातले चार जण त्याला तसं करायला लावतीलच.

त्याची अवस्था तू पाहायला हवी होतीस. डोळे आत गेलेले, केसांत गवत, आवाज बसलेला. त्याने मला पाहिलं, बाळाला पाहिलं, आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? खोगिराचा पट्टा सैल आहे, म्हणाला, पडशील. मग पट्टा आवळता आवळता खेचराच्या पोटाला डोकं टेकून उभा राहिला. घोडी शेजारी चरत होती आणि घंटा वाजत होती.

पुढच्या आठवड्यात तुझ्या दारात येतो. बाप्तिस्म्याला तू बाळाची धर्ममाय व्हायचंस. मान मात्र दुसरा मिळेल, पहिला त्या पांढरीचा.

तुझी,
ब्रियांदा


नोंब्रे दे दियोस,
३ डिसेंबर १५७७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले. वाटेत काही झालं नाही. घंटा सगळी वाट वाजत होती. शिपायांनी लोपेला पुन्हा सुचवलं, की जरा गवत बिवत. तो त्यांना काय म्हणाला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

घर भाड्याने द्यायचे दिवस जवळ आले. मी पुन्हा स्वयंपाकघरात सामान हलवते आहे. दोमिंगाच्या जागी कोणी आणलेलं नाही. मी नको म्हटलं. लोपेला कारण कळलं नाही, पण त्याने विचारलंही नाही. भांडी मीच घासते.

तुझ्याकडून निघाले तेव्हा मी शहाण्यासारखी वागले. लेकीला तुझ्या हातात दिलं, वळून पाहिलं नाही, आणि रस्ताभर लोपेशी तेलाच्या भावाबद्दल बोलत राहिले. तिला इथे आणायचं नाही हे मीच ठरवलं. इथल्या सगळ्या आया हेच करतात, मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत डोंगरापलीकडे ठेवतात. त्यांच्याकडे पाहून मला वाटायचं, यांना सवय झाली असेल. आता कळलं, की सवय नाही, त्या नुसत्या कामात असतात.

लिंबाला लिंबं लागली आहेत. काल त्या दोघांशी बसून आले. त्यांना बहिणीबद्दल सांगितलं.

ताई, एक मागते. ती बोलायला लागेल तेव्हा तुलाच आई म्हणेल. म्हणू दे. तू तिला थांबवलंस तर तिचाच गोंधळ होईल. पण आमचा तांडा संध्याकाळी तुमच्या वेशीतून येतो तेव्हा तिला उचलून दारात उभी राहशील? यापुढे दर खेपेला तांडा निघताना मी घोडीजवळ जाईन, तिच्या घंटेला हात लावीन. बाकी मला लेकीपर्यंत पोचवता येईल असं काही सापडलेलं नाही.

सोबत लिंबाचं लोणचं पाठवते. लोपेला बरणी दाखवलेली नाही, म्हणजे उंदरांची भीती नाही.

तुझी,
ब्रियांदा


पनामा,
१९ डिसेंबर १५७७

चि. सौ. ब्रियांदास अनेक उ. आ.

लोणचं पोचलं. उंदीर पोचण्याआधीच जागे झाले होते, तरी बरंच शिल्लक आहे.

ओलाया खुशाल आहे. खालचे दोन दात आले. भट्टीवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दाखवले जातात. ताप एकदाही नाही. रांगते, आणि मी जिथे पीठ ठेवीन तिथे बरोबर पोचते.

लोपेने गेल्या खेपेस पैसे दिले होते म्हणून गेल्या रविवारी दोमिंगाच्या आत्म्यासाठी पाद्रीबाबांकडून प्रार्थना करवली. मी गुडघे टेकून बसले होते. जिवंत माणसासाठी मेलेल्याची प्रार्थना केली तर ती वाया जाते की काय, हे त्यांना विचारता येईना. मग मी माझी वेगळी केली. तिच्याबद्दल तुला जे लिहिलं होतं त्यावर मी पुष्कळ विचार केला. तिने हाक मारली नसती तर आज माझ्या घरात दात दाखवायला कोणी नसतं.

आता तू मागितलंस त्याबद्दल. हे लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले, कारण तुला ते लागेल. पण न लिहिलेलं जास्त लागेल.

परवा संध्याकाळी लोपेचा तांडा आला. मी दारात उभी नव्हते, तुझं पत्र त्याच तांड्यात होतं, मला काही ठाऊक नव्हतं. हात पिठात होते आणि मुलगी माझ्या पायाशी बसून लाकडी चमचा चावत होती. घंटा अजून वेशीबाहेर होती. मला तर ऐकूही आली नव्हती. मुलीने चमचा खाली टाकला आणि मान वळवली. मी तिला हाक मारली, चमचा पुढे केला, पेरूची वडीसुद्धा दाखवली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती दाराकडे रांगत गेली, चौकटीला धरून उभी राहिली, आणि तांडा समोर येऊन थांबेपर्यंत तशीच उभी होती. पहिल्यांदाच उभी राहिली, ब्रियांदा.

मी तिला काही शिकवलेलं नाही. ती अजून कोणालाच काही म्हणत नाही. पण ती कोणाची ते तिला ठाऊक आहे.

लोपेने तिला घोडीवर बसवलं. तिने दोन्ही हातांनी घंटा धरली, नेमकी इथून निघताना तू धरली होतीस तिथेच, आणि आवाज बंद झाला म्हणून रडली. सोडली तेव्हा हसली.

माझा लोभ आहेच, तो काही मागून वाढायचा नाही. तुम्ही फक्त घंटा वाजती ठेवा.

तुझी,
मेन्सिया